चौदा नंबरची वायर

कुताइसीत नोव्हेंबर,
आणि सोमवारपर्यंत हवाय विद्यापीठाचा
पाच वर्षांचा आराखडा.
मालखाझ म्हणतो, आधी आहे ते मोजू,
नाही त्याची स्वप्नं मग बघू.

म्हणून मोजतोय.
स्विच एकेचाळीस, पैकी नऊ मरणपंथाला,
एक तर थोपटल्याशिवाय जागाच होत नाही.
ग्रंथालयातल्या राउटरवर कुणी मायेनं
विणलेला रुमाल घातलाय, धूळ बसू नये म्हणून.
त्यानंच तो तापतो.
जुन्या इमारतीच्या भिंती दीड हात जाड,
वायफाय त्यांच्यापुढे हात टेकतं,
प्राध्यापकांचा आवाज मात्र आरपार.

नकाशा आहे.
एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा, रशियनमध्ये,
टेलिफोनच्या तारांसाठी काढलेला.
मधोमध ग्लासाच्या बुडाचा गोल डाग.
मालखाझच्या मते वाइन, माझ्या मते चहा,
यावर आमची अर्धी दुपार गेली.
डागाखाली जिना आहे म्हणतो नकाशा.
तिथे आता झाडूवाल्यांची खोली आहे,
आणि बादल्यांमागून निघालेल्या तीस-चाळीस तारा
कुठे जातात ते विचारायला
ज्यांनी घातल्या त्यांतलं कुणी उरलेलं नाही.

उपकुलगुरू बाईंचं म्हणणं सरळ आहे:
आधी सभागृह. पाहुणे तिथेच येतात.
चार इमारतींचे पैसे मागितले होते,
मंजूर झाले दीड इमारतीचे.
अर्धी इमारत म्हणजे कुठली बाजू,
हे विचारायला दोघांपैकी एकाचीही जीभ रेटली नाही.

आणि मग हा चौदा नंबर.
लेबल गळून पडलंय,
डिंकाचा पिवळा चौकोन तेवढा राहिलाय.
दर दहा मिनिटांनी दिवा एकदा लुकलुकतो,
की पुन्हा मुका.
आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे:
धनी सापडत नाही ती वायर उपटायची
आणि कोण बोंबलतं ते ऐकत बसायचं.

उपटली.
पहिल्या दिवशी कुणी नाही.
दुसऱ्या दिवशी वसतिगृहातून फोन, पण तो गीझरबद्दल.
तिसरा दिवस कोरडा.
मालखाझनं तक्त्यात लिहूनही टाकलं: काढावी.

चौथ्या दिवशी त्सिउरी आल्या,
वनस्पतिबागेतल्या, रबरी बूट, गुडघ्यापर्यंत चिखल,
काखेत वही.
दारातूनच म्हणाल्या,
"माझी जमीन बंद पडलीय."

जमिनीखाली तीस सेंटीमीटरवर त्यांचा एक काटा आहे.
दर दहा मिनिटांनी तो तापमान पाठवतो
कुठल्याशा केंद्राला, एकोणीस वर्षं.
मालखाझनं पत्ता शोधला.
शोधून माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.
पलीकडचं यंत्र अकरा वर्षांपूर्वीच भंगारात गेलं होतं.

सांगायचं कुणी?
मी घसा खाकरला.
"माहीत आहे," त्सिउरी म्हणाल्या,
"तिकडे कुणी घेत नाही.
पण पाठवता आलं नाही की हा मोजणंच थांबवतो.
घेणारा मेलाय हे त्याला कळत नाही,
वायर गेली ते बरोबर कळतं."
वही उघडून दाखवली.
सगळी पानं निळ्या शाईनं खच्चून भरलेली,
शेवटी साडेतीन दिवसांची पांढरी जागा,
आणि तिच्यावर बोट.

मालखाझ गुडघ्यांवर बसला,
वायर खोबणीत सरकवली. टक्.
दहा मिनिटं आम्ही तिघं बोललो नाही.
दिवा लुकलुकला.
त्सिउरींनी कोटाच्या खिशातले दोन अक्रोड
टेबलावर ठेवले, आणि बुटांचा चिखल
कॉरिडॉरभर पेरत परत गेल्या.

रात्री तक्ता पुरा केला.
सभागृह, पहिलं वर्ष. ग्रंथालय, दुसरं.
रुमाल: सन्मानानं परत करणे.
चौदा नंबर: ठेवावी, नवी टाकून द्यावी.
पुढचा रकाना कारणाचा.
तो बाई नक्की वाचणार,
आणि "उपयोग कोणाला?" हेही विचारणार.
बराच वेळ काही सुचलं नाही.
मग लिहिलं:
तीस सेंटीमीटर खाली,
आज संध्याकाळी सहा वाजता,
अकरा अंश चार.